‘सगळ्यांकडे आहे’: मुलांमध्ये खेळण्यांचे खूळ कसे पसरते

सोलापुरातील एखाद्या मोठ्या शाळेच्या फाटकासमोरचे स्टेशनरीचे दुकान वर्षभर निरखले, तर वह्या, पेन आणि कंपासपेट्या यांची विक्री ठरलेल्या हंगामात ठरलेल्या गतीने होताना दिसते. परंतु काउंटरवरच्या बरणीत ठेवलेल्या किंवा हुकाला टांगलेल्या एखाद्या वस्तूची चाल अगदी वेगळी असते. तिला सुरुवातीला कोणी विचारत नाही, नंतर आठ-पंधरा दिवसांत तिला असा उठाव येतो की माल पुरत नाही, आणि पुढे एका टप्प्यावर उरलेला लॉट माळ्यावर जातो तो तेथेच राहतो. 2017 मध्ये बोटांवर गरगर फिरणारा फिजेट स्पिनर असा आला आणि गेला. 2021 मध्ये सिलिकॉनचे फुगवटे दाबायचे पॉप-इट आले. त्याआधीच्या पिढीला चिप्सच्या पाकिटातील टॅझो नावाच्या चकत्यांनी आणि बेब्लेड नावाच्या लढाऊ भोवऱ्यांनी झपाटले होते, आणि त्यांच्याही आधीची मुले काड्यापेटीचे छाप जमवण्यासाठी पानपट्टीच्या मागचा कचरा धुंडाळत असत.

या लाटा कशा उठतात, एवढ्या वेगाने का पसरतात आणि तितक्याच वेगाने का ओसरतात, या प्रश्नांवर समाजशास्त्र, गणित आणि अर्थशास्त्र या तिन्ही शाखांत बरेच काम झालेले आहे. मुलांच्या खुळाचा विचार करताना आपण बहुतेक वेळा खेळण्याकडे पाहतो आणि ‘यात एवढे आहे तरी काय?’ असे विचारतो. या कामाच्या आधारे माझे मत असे आहे की, त्या प्रश्नाचे उत्तर खेळणे उघडून सापडणार नाही. त्यासाठी वर्गातील मुले एकमेकांकडे कशी पाहतात, हे तपासावे लागते.

मोठ्यांचा पहिला तर्क सहसा जाहिरातीचा असतो. टीव्हीवर किंवा मोबाइलवर काहीतरी दाखवले जाते, मुले भुलतात आणि हट्ट धरतात, असे आपण गृहीत धरतो. फिजेट स्पिनरने हा तर्क पुरता अडचणीत आणला. त्याच्या मध्यभागी बसवलेले बेअरिंग हे बहुधा 608 या क्रमांकाचे, बाहेरून 22 मिलिमीटर व्यासाचे आणि स्केटबोर्डच्या चाकांत सर्रास वापरले जाणारे साधे बेअरिंग होते, आणि त्याभोवतीच्या तीन पाकळ्या साच्यातून काढणे प्लास्टिकच्या कोणत्याही लहान कारखान्याला शक्य होते. त्या वस्तूवर कोणा एका कंपनीची मालकी नसल्यामुळे तिच्या जाहिरातीवर मोठा खर्च करण्यात कोणाचेच हित नव्हते. तरीही एप्रिल आणि मे 2017 या दोन महिन्यांत ती अमेरिका आणि युरोपातील शाळांमध्ये पसरली, अनेक शाळांनी तिच्यावर बंदी घातली, आणि पाठोपाठ ती भारतीय बाजारातही पोहोचली. खेळणी बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना या लाटेचा अंदाज आलेला नव्हता.

जाहिरातीचा उपयोग नसतोच, असे मात्र म्हणता येणार नाही. पेड्रो फ्लोरेस या फिलिपिनो गृहस्थाने 1928 मध्ये कॅलिफोर्नियात यो-योचा कारखाना काढला आणि पुढे डोनाल्ड डंकन या उद्योजकाने तो व्यवसाय विकत घेतला, तेव्हा त्या खेळण्याचा प्रसार करण्यासाठी निष्णात यो-योपटू गावोगावी पाठवण्यात आले. ते मुलांसमोर कसरती करून दाखवत, त्या शिकवत आणि स्पर्धा भरवत. येथे जाहिरातीने काम केले ते मोहल्ल्यात एक वाकबगार मुलगा असावा तशी भूमिका घेऊन. मूळ यंत्रणा वेगळी होती आणि जाहिरातीने तिची नक्कल केली, एवढेच.

ती मूळ यंत्रणा समजून घेण्यासाठी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1978 मध्ये मांडलेला उंबरठ्याचा विचार सर्वांत उपयोगी पडतो. त्यांचे उदाहरण दंगलीत सामील होणाऱ्या जमावाचे होते. आपण त्याऐवजी सहावीच्या चाळीस मुलांचा एक वर्ग घेऊ. ‘माझ्याआधी किती जणांकडे ही वस्तू आली म्हणजे मीही ती घेईन’, याची प्रत्येक मुलाची मनातल्या मनात एक संख्या ठरलेली असते, असे मानू. एखाद्याची ती संख्या शून्य असते. त्याला नवी वस्तू दिसली की ती हवीच असते, बाकीचे काय करतात याची तो पर्वा करत नाही. दुसऱ्याला निदान एकाच्या हातात ती दिसावी लागते, तिसऱ्याला दोघांच्या, चौथ्याला तिघांच्या, आणि शेवटचा, चाळिसावा मुलगा एकोणचाळीस जणांकडे आल्याखेरीज बधत नाही. अशा वर्गात पहिल्या मुलाने स्पिनर आणला की दुसरा घेतो, दोघांचे पाहून तिसरा घेतो, आणि काही दिवसांत सगळा वर्ग स्पिनर फिरवू लागतो. मुख्याध्यापक या वर्गाविषयी म्हणतील की, ही मुले फारच नादी आहेत.

आता या वर्गात फक्त एक बदल करू. ज्या मुलाला एकाच्या हातात वस्तू दिसणे पुरेसे होते, त्याला आता दोघांच्या हातात ती दिसावी लागते, एवढेच धरू. पहिला मुलगा स्पिनर आणतो. एकाचे पाहून घेणारा वर्गात आता कोणीच उरलेला नाही. त्यामुळे दुसरा स्पिनर कधीच येत नाही, तिसऱ्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि खूळ एका मुलापाशी थांबते. या दुसऱ्या वर्गाविषयी मुख्याध्यापक म्हणतील की, ही मुले अभ्यासू आहेत. प्रत्यक्षात दोन्ही वर्गांतील एकोणचाळीस मुले तंतोतंत सारखी आहेत, खेळणे तेच आहे आणि दुकानही तेच आहे. निकालात एवढी तफावत पडली ती एका मुलाच्या किंचित अधिक संकोचामुळे. ग्रॅनोव्हेटर यांच्या मांडणीतील खरा धडा हा आहे की, जमावाच्या वागण्यावरून जमावातील व्यक्तींच्या स्वभावाचा अंदाज बांधणे धोक्याचे असते.

याच कारणाने कोणते खेळणे चालेल हे आधी सांगणे जवळजवळ अशक्य होते. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात चौदा हजारांहून अधिक लोकांना 48 अपरिचित गाणी ऐकायला दिली होती. काहींना इतरांनी काय निवडले हे दाखवले नाही. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत विभागून प्रत्येकाला केवळ आपल्या गटातील निवडीचे आकडे दाखवले. गाणी तीच असूनही निरनिराळ्या गटांत निरनिराळी गाणी शिखरावर गेली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत, पण मधल्या मोठ्या पट्ट्यात कोणाचेही काहीही झाले. खेळण्यांच्या बाजारात बहुसंख्य वस्तू याच मधल्या पट्ट्यात असतात, आणि जी चालते तिच्यात काहीतरी विशेष होतेच असे आपण मागाहून ठरवतो.

उंबरठ्याच्या या हिशेबात एक बारकावा राहून जातो. मूल वर्गातील स्पिनर मोजत बसत नाही; त्याला जेवढे दिसतात तेवढ्यावरून ते अंदाज करते, आणि हा अंदाज पद्धतशीरपणे चुकतो. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने 1991 मध्ये दाखवून दिले की, बहुतेक माणसांच्या मित्रांना त्या माणसांपेक्षा अधिक मित्र असतात. ऐकताना हे कोड्यासारखे वाटते, पण कारण सरळ आहे: ज्याला पुष्कळ मित्र असतात तो पुष्कळ जणांच्या मित्रयादीत मोजला जातो, तर एकलकोंडा मुलगा फारशा कोणाच्या यादीत येतच नाही. आता चाळीस जणांच्या वर्गात फक्त चौघांकडे नवी वस्तू आहे, आणि ते चौघे मधल्या सुटीत सगळे ज्यांच्याभोवती जमतात असे आहेत, अशी कल्पना करा. वर्गातील बहुतेक मुलांच्या पाच-सहा जवळच्या मित्रांपैकी दोन-तीन जणांकडे ती वस्तू असेल. अशा मुलाने घरी येऊन ‘आई, सगळ्यांकडे आहे’ असे सांगितले, तर ते खोटे बोलत नसते. त्याच्या जागेवरून जग तसेच दिसते. त्या मुलाच्या आईने दुसऱ्या आईला फोन करून खातरजमा केली, तर तिलाही बहुधा तेच ऐकायला मिळेल, कारण दोन्ही घरांत बातमी त्याच चौघांमुळे पोहोचलेली असते.

वेगाचे गणित

खूळ आधी रेंगाळते आणि मग एकाएकी उसळते, यामागे साधा गुणाकार आहे. वस्तू जवळ असलेला आणि नसलेला अशी दोन मुले समोरासमोर आली की प्रसाराची एक संधी निर्माण होते. चाळीस जणांच्या वर्गात चौघांकडे वस्तू असेल, तर अशा जोड्या 4 गुणिले 36, म्हणजे 144 होतात. वीस जणांकडे असेल, तर त्या 20 गुणिले 20, म्हणजे 400 होतात. छत्तीस जणांकडे आली की पुन्हा 36 गुणिले 4, म्हणजे 144 वर उतरतात. साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्यांनी 1927 पासून असेच गणित वापरलेले आहे, आणि फ्रँक बास यांनी 1969 मध्ये टिकाऊ वस्तूंच्या विक्रीसाठी त्याच जातीचे समीकरण मांडले. आलेख काढला, तर तो तळाशी सपाट, मध्ये उभा आणि वर पुन्हा सपाट असा दिसतो.

यातील व्यवहाराची गोष्ट दुकानदाराने लक्षात घेण्यासारखी आहे. विक्रीचा वेग सर्वाधिक असतो तो निम्म्या मुलांकडे वस्तू पोहोचलेली असते त्या क्षणी. नेमका त्याच आठवड्यात दुकानदाराला आत्मविश्वास येतो, तो नवी पेठ किंवा मधला मारुती परिसरातील होलसेलवाल्याकडे दुप्पट मालाची मागणी नोंदवतो, होलसेलवाला मुंबईला क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास किंवा दिल्लीच्या सदर बाजारात त्याहून मोठी मागणी नोंदवतो, आणि माल गाडीत भरून येईपर्यंत वक्ररेषा उताराला लागलेली असते. ज्या दिवशी धंदा सर्वांत चांगला वाटतो, त्याच दिवशी अर्धी बाजारपेठ संपलेली असते.

याच्या जोडीला खोटी मागणी येते. पहिल्या दुकानात वस्तू मिळाली नाही की वडील दुसऱ्या आणि तिसऱ्या दुकानात विचारतात. तिन्ही दुकानदार आपापल्या मनात एक गिऱ्हाईक मोजतात, आणि एका मुलाची मागणी बाजारात तिप्पट होऊन वर चढते. या प्रकाराचा सर्वांत गाजलेला दाखला तामागोची या खेळण्याचा आहे. जपानच्या बंदाई कंपनीने नोव्हेंबर 1996 मध्ये आणलेल्या या अंड्याच्या आकाराच्या खेळण्यात छोट्याशा पडद्यावरील प्राण्याला वेळच्या वेळी खाऊ घालावे लागे, नाही तर तो मरत असे. 1997 मध्ये त्याचा जगभर तुटवडा पडला, दुकानांसमोर रांगा लागल्या, आणि कंपनीने उत्पादन जोरात वाढवले. वाढीव माल तयार होईपर्यंत लाट ओसरली होती, आणि विक्रीचा एवढा मोठा विक्रम करणाऱ्या कंपनीला न खपलेल्या मालामुळे मोठा तोटा सोसावा लागला.

एका वर्गातून दुसऱ्या शाळेत

एका वर्गातील गोष्ट शहरभर कशी होते, हा वेगळा प्रश्न आहे, आणि येथे खूळ रोगापेक्षा वेगळे वागते. सर्दी एका माणसाच्या एका भेटीतून लागू शकते. डेमन सेंटोला आणि मायकेल मेसी यांनी 2007 मध्ये असे दाखवले की, ज्या गोष्टीत पैसा, श्रम किंवा हसे होण्याची भीती गुंतलेली असते, ती स्वीकारण्यासाठी माणसाला एकाहून अधिक जणांकडून दुजोरा लागतो. त्यामुळे दूरच्या एका मित्राचा एखादा व्हिडिओ मुलाला वस्तूची माहिती देतो, पण ती विकत घेण्याइतके धैर्य त्याला शेजारची दोन-तीन मुले देतात. दोन शाळांना जोडणारा धागा एकेरी असून चालत नाही. तो जाड असावा लागतो.

सोलापुरात असे जाड धागे बरेच आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अशा निरनिराळ्या माध्यमांच्या शाळांमुळे या शहरातील मुले दिवसा वेगवेगळ्या इमारतींत बसतात. संध्याकाळी मात्र तीच मुले एकाच शिकवणीला, एकाच बोळात आणि एकाच मैदानावर असतात. पूर्व भागातील विणकर वस्त्यांत एका घरातील चुलत आणि आत्येभावंडे तीन निरनिराळ्या शाळांत शिकत असणे नवलाचे नाही. शाळेची रिक्षा हाही असाच एक सांधा आहे, कारण तीत तिसरीचा आणि आठवीचा मुलगा रोज अर्धा तास मांडीला मांडी लावून बसतात. खेळण्याला भाषा लागत नसल्यामुळे माध्यम बदलले तरी अडत नाही. माझा अंदाज असा आहे की, खुळाच्या प्रसारात सोलापुरात शाळांपेक्षा शिकवण्यांचा वाटा मोठा असावा, कारण चार शाळांची मुले तासभर एका खोलीत बसण्याची दुसरी जागा शहरात नाही.

शहरात पहिली ठिणगी कोठून पडते, हे पाहायचे असेल तर सुट्ट्यांकडे पाहावे लागते. मे महिन्यात एक मूल मामाकडे पुण्याला जाते, दुसरे काकांकडे हैदराबादला जाते, आणि जूनमध्ये शाळा उघडताना दोघांच्या दप्तरांत दोन नव्या वस्तू असतात. मुंबई-चेन्नई लोहमार्गावरचे आणि पुणे-हैदराबाद महामार्गावरचे हे शहर असल्यामुळे येथे लाटा दोन्ही बाजूंनी येऊ शकतात. त्याच सुट्टीत आधीचे खूळ मरते, कारण रोज एकमेकांच्या हाताकडे पाहण्याची सवय दीड महिना तुटलेली असते. मुलांच्या खेळांचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या आयोना आणि पीटर ओपी या ब्रिटिश दांपत्यानेही खेळांना असे हंगाम असतात, हे नोंदवलेले आहे. आपल्याकडे गोट्यांचे दिवस, भोवऱ्यांचे दिवस आणि पतंगांचे दिवस कोणी जाहीर न करताच बदलतात, हे सांगायला अभ्यासकाची गरज नाही.

जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेची, म्हणजे गड्ड्याची गोष्ट थोडी निराळी आहे. होम मैदानावरील खेळण्यांच्या स्टॉलांवर खूळ जन्मत नाही. जत्रेमागून जत्रा करणाऱ्या विक्रेत्याला माल महिनाभर आधी भरावा लागतो आणि तो चालून गेलेल्या मालावरच भिस्त ठेवतो. त्यामुळे शहरातील शाळांत जी वस्तू जुनी झालेली असते, ती गड्ड्यात निम्म्या भावात मिळते आणि अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा या बाजूंनी आलेल्या मुलांबरोबर पुढच्या गावात जाते. लाटेचे शेपूट असे लांबवर जाते.

कोणते खेळणे लाटेवर चढू शकते

कारण खेळण्यात नसते असे वर म्हटले असले, तरी काही खेळणी या यंत्रणेला सोयीची असतात. ती खिशात मावतात, पालकांना सहज झेपतील एवढी स्वस्त असतात आणि मधल्या सुटीत सर्वांना दिसतील अशी वापरता येतात. घरात कपाटात राहणारी महागडी बाहुली कितीही सुंदर असली तरी तिचे खूळ वर्गात पसरणे कठीण असते. त्याखेरीज एक गुण फार महत्त्वाचा आहे, तो म्हणजे पाच मिनिटांत जमावे आणि पाच आठवड्यांतही पुरते जमू नये असे कौशल्य.

या बाबतीत आपला लाकडी भोवरा आणि बेब्लेड यांची तुलना उद्बोधक ठरते. भोवऱ्याला जाळी (दोरी) गुंडाळून तो नेमका आरीवर उतरवणे शिकण्यात मुलाचे अनेक दिवस जातात आणि त्या दिवसांत त्याचे हसे होते. जपानमध्येही असेच होते. तेथे मुळात शंखात वाळू भरून केलेले बेगोमा नावाचे छोटे भोवरे दोरीने फिरवून एकमेकांवर आदळवण्याचा जुना खेळ होता. ताकारा कंपनीने 1999 मध्ये त्यावरून बेब्लेड बनवले, तेव्हा दोरीऐवजी खेचण्याचा लाँचर दिला आणि शिकण्यातील लाजिरवाणा भाग काढून टाकला. कौशल्य मात्र संपवले नाही. ते सुटे भाग जोडण्याच्या निवडीत हलवले, म्हणजे कोणती कडी, कोणते वजन आणि कोणते टोक यांवर वाद घालण्याची सोय केली. सोबत आलेल्या कार्टून मालिकेने सर्व मुलांना एकच नियम आणि एकच शब्दसंग्रह पुरवला. आखाड्यासाठी विकत मिळणारे स्टेडियम नसले तरी घरातील परातीवर भागत असे, आणि परातीचा आवाज गल्लीभर जात असल्याने प्रसार आपोआप होत असे.

रबरी कड्यांच्या लूम बँडची कथा याहून वेगळी नाही. मिशिगनमध्ये राहणारे मूळचे मलेशियाचे अभियंता चाँग चून उंग यांनी आपल्या मुलींसाठी 2010 च्या सुमारास तो साचा तयार केला, तेव्हा दुकानांना ही वस्तू काय आहे हेच कळेना. कंगण कसे विणायचे हे दाखवणारे व्हिडिओ उपलब्ध झाल्यानंतर ती चालली, आणि 2013-14 मध्ये तिची जगभर लाट आली.

संग्रहाच्या वस्तूंना कौशल्याची गरज भासत नाही, कारण तेथे गणितच मुलांना एकत्र आणते. 1990 च्या दशकात हवाई बेटांवर दुधाच्या आणि रसाच्या बाटल्यांच्या पुठ्ठ्याच्या झाकणांचा खेळ नव्याने चालू झाला, त्यावरून चिप्सच्या पाकिटात चकत्या घालण्याची कल्पना 1994 मध्ये मेक्सिकोत आली आणि टॅझो या नावाने ती पुढे भारतात पोहोचली. समजा, एका मालिकेत 50 टॅझो आहेत आणि प्रत्येक पाकिटात कोणताही एक निघू शकतो. एकट्याने सगळा संच पुरा करायचा, तर सरासरी सुमारे 225 पाकिटे विकत घ्यावी लागतात, कारण शेवटचे चार-पाच टॅझो मिळवताना जवळ असलेलेच पुन्हा पुन्हा निघत राहतात. तीसजण अदलाबदल करणार असतील, तर प्रत्येकाचा खर्च कितीतरी खाली येतो. म्हणजे संग्रह करणारा प्रत्येक नवा मुलगा आधीच्या सर्वांच्या फायद्याचा असतो, आणि म्हणून ती मुले इतरांना ओढायला धडपडतात. पालकांना हे व्यसन दिसते. आतून पाहिले तर ती एक बऱ्यापैकी चाललेली बाजारपेठ असते, जिच्यात दुर्मीळ मालाचा भाव, फसवणूक, उधारी आणि पत या सर्व गोष्टी असतात.

याच ठिकाणी मोठी माणसे शिरली की खेळ बिघडतो. अमेरिकेतील टाय कंपनीने 1993 मध्ये आणलेल्या बीनी बेबीज या छोट्या कापडी प्राण्यांपैकी काहींचे उत्पादन ठरवून बंद केले जात असे; मोठ्यांनी ते गुंतवणूक म्हणून साठवले आणि 1999 च्या सुमारास भाव कोसळले. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराची 2015 मधील लबूबू ही बाहुली पॉप मार्ट कंपनीने 2019 पासून बंद डब्यांत विकायला घेतली. 2024 मध्ये लिसा या गायिकेमुळे ती गाजली आणि 2025 मध्ये भारतातही तिच्या नकला जागोजागी लोंबकळू लागल्या. डब्यातून विशेष नमुना निघण्याची शक्यता कंपनीच्या सांगण्यानुसार 72 मध्ये 1 अशी असते. टॅझोची अदलाबदल वर्गात होत होती. 72 मध्ये 1 या हिशेबाची सोडत मुलांसाठी मला योग्य वाटत नाही, आणि बाहुलीत भूत आहे या अफवेपेक्षा या आकड्याची चर्चा घराघरांत व्हायला हवी होती.

लाट का ओसरते, याचे उत्तर जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फॅशनविषयी लिहिताना दिले होते. माणसाला इतरांसारखे असावेसे वाटते आणि इतरांपेक्षा वेगळेही असावेसे वाटते. वस्तू थोड्या जणांकडे असते तोवर या दोन्ही इच्छा एकाच वेळी भागतात, आणि सर्वांकडे आली की दुसरी भागत नाही. आठवीच्या मुलाच्या दृष्टीने स्पिनर संपला तो त्याची धाकटी बहीण बालवाडीत स्पिनर घेऊन गेली त्या दिवशी. उंबरठा असा उलट बाजूनेही काम करतो: कोणी पहिला मुलगा तो दप्तरात ठेवून देतो, मग दुसरा, आणि शेवटी वर्गात तो काढणे हेच ओशाळवाणे होते. ज्या वस्तूची कोणीही नक्कल करू शकतो तिचा भाव झपाट्याने पडतो, आणि म्हणून स्पिनरचा अंत इतरांपेक्षा लवकर झाला.

शाळांच्या बंदीचा परिणाम वेळेवर अवलंबून असतो. वर्गात चौघांकडे वस्तू असताना प्रार्थनेच्या वेळी बंदी पुकारली, तर उरलेल्या छत्तीस जणांना ती बातमी शाळाच पुरवते. छत्तीस जणांकडे आल्यावर घातलेली बंदी यशस्वी झाल्यासारखी दिसते, कारण पंधरवड्यात खूळ असेही संपणार असते. नियमच करायचा असेल, तर वस्तूचे नाव न घेता वर्गात दप्तराबाहेर काय ठेवायचे आणि काय नाही, एवढाच असावा, कारण खुळाचे इंधन त्याचे दिसणे हे असते.

सरकारी नियमांनी लाटांचा पुरवठा थोडा बदलला आहे. फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरील आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के करण्यात आले. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. पालकांनी खूळ थोपवण्यात शक्ती घालवण्याऐवजी पाकिटावरचे हे चिन्ह पाहावे, आणि घरात तान्हे मूल असेल तर सुटे होणारे बारीक भाग पाहावेत, हे अधिक उपयोगाचे आहे.

काही थोडी खेळणी लाट ओसरल्यानंतरही उरतात. बुडापेस्टमधील वास्तुकलेचे अध्यापक एर्नो रुबिक यांनी 1974 मध्ये बनवलेला घन 1980 पासून जगभर विकला गेला आणि दोन-तीन वर्षे त्याचे विलक्षण खूळ होते. जून 1982 मध्ये बुडापेस्टलाच पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीत मिन थाय या अमेरिकी मुलाने तो 22.95 सेकंदांत सोडवला, आणि त्याच सुमारास बाजार कोसळला. पुढची जागतिक स्पर्धा भरायला 2003 साल उजाडावे लागले. तेव्हापासून मात्र घन टिकून आहे, कारण तो सोडवण्याची पद्धत शिकून झाली तरी वेळ कमी करण्याचे काम संपत नाही, आणि सध्याचा विक्रम चार सेकंदांच्याही आत गेलेला आहे. तो सोडवणाऱ्या मुलाला आजूबाजूच्या कोणाकडे घन आहे की नाही, याने फरक पडत नाही. शाळेसमोरचा दुकानदार त्याची मोठी मागणी कधी नोंदवत नाही; दोन-चार नग कायम ठेवतो, आणि ते संपले की पुन्हा तेवढेच मागवतो.